साल संपलं

नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू ताई, तिचा पाय हालते — इकडं दिवाणावर बसा. कापूस सरकवून घ्या थोडा. या दिवसात आमच्याकडं अर्धं घर कापसाचंच असते, वेचून आणला की समोरच्या खोलीत छतापर्यंत भरते, मंग माणसानं उरलेल्या जागेत राहाचं. हं, तर काय विचारत होत्या तुम्ही — अमेरिकेचं यादवी युद्ध. अकरावीचं. मले वाटलंच तुम्ही त्याच धड्यासाठी आल्या असान, बाकीचा इतिहास विचारायले कोणी कोणाच्या घरी येते काय? आणि शाळेत तुम्हाले कोणी ना कोणी सांगतलंच असन, की मोहिनी मॅडमले त्या धड्यापायी शाळा सोडा लागली. सांगतलं ना? — मान हलवू नका नुसती, सांगतलं असनच. कोणी काय सांगतलं ते मले नका सांगू, मीच सांगते काय झालं ते. घरात कोणी नाई. सासूबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाले गेल्या, मामंजी वावरात. हे सेलूले, पंचायत समितीत. चहा मंग करते, आधी बोलून घेऊ.

तर पाहा, मी वर्ध्याची. एम.ए. केलं, बी.एड. केलं, आणि लग्न ठरलं तवा माह्या वडिलानं एकच गोष्ट विचारली — पोरीले नोकरी करू द्यान का? मामंजी म्हणे, काऊन नाई? हिंगणीतच लावून देतो, वासुदेवराव आपलेच. वासुदेवराव म्हणजे आपल्या संस्थेचे सेक्रेटरी, तुमची मुलाखत त्याईनंच घेतली असन. लावून दिली. वर्ध्याच्या साऱ्या मैत्रिणी म्हणे, मोहिनी नशीबवान आहे, सासरच्या घरून शाळेची घंटा ऐकू येते. आणि येत होती ना! सकाळी भाकरी थापाची, सगळ्याईचं आवराचं, घंटा झाली की पदर खोचून पळाचं — आणि वर्गात उभं राहिलं की ताई, काय सांगू, पाठ सरळ होऊन जाये माही. घरात मी कधी पूर्ण वाक्य बोलत नव्हती. हो, नाई, आणते, झालं — एवढंच. वर्गात पूर्ण वाक्य बोलाले भेटे.

तो धडा पुस्तकात लहानसाच आहे. कारणं, लढाया, गुलामी संपली, झालं. पोट्ट्याईले अमेरिकेशी काय देणंघेणं? झोपून राह्यते. मंग मी विचारलं — आपल्या वर्ध्याले रेल्वे काऊन आली रे? आणि मीच म्हटलं, कापसासाठी. तिकडं अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढून राह्यले होते, त्याईचा कापूस बंद पडला, विलायतेच्या गिरण्या उपाशी, मंग साहेब लोक आपल्या कापसाच्या मागं लागले. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव — आपला काळ्या मातीतला कापूस जहाजात बसला. पोट्टे उठून बसले ना! घरी जेवताना मी सांगतलं, तर मामंजीले इतकं बरं वाटलं — घास हातातच. म्हणे, सूनबाई, आमच्या आज्याच्या आज्यानं हे विहिरीजवळचं वावर तवाच घेतलं, त्या तेजीत. मले पहिल्यांदा सगळ्याईसमोर म्हणले, चांगलं शिकवते तू. सासूबाईनं भातावर तूप जास्त वाढलं त्या दिवशी. मी खुश. वाटलं, चला, आता आपण या घरच्या झालो.

आता लहानूचं सांगते, त्याच्याशिवाय पुढचं समजाचं नाई. लहानू उईके — आमचा सालदार. तुम्हाले माहीत असन ना सालदार? शहरात नसते. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालावर ठेवलेला माणूस — बैल, वखर, ओलीत, राखण, सारं त्याचंच. लहानू ह्याईच्या लहानपणापासून होता. विहिरीजवळ खोपडी, तिथंच बायको, तिथंच लेकरं. आणि मामंजी वाईट वागत नव्हते हो त्याच्याशी, हे आधी सांगून ठेवते, कधी हात नाई उचलला, कधी शिवी नाई. लहानू मान वर करून पाह्यत नसे कोणाकडं. पण मी नवीन नवीन शाळेत जाऊ लागली तवा वाटेतल्या नाल्यात चिखलच चिखल, चप्पल हातात धरून जा लागे. एक दिवस पाहते तं नाल्यात चापट दगड टाकलेले, माह्या पावलाच्या अंतरानं. कोणी सांगतलं नव्हतं त्याले. मी म्हटलं, लहानूभाऊ, तुम्ही टाकले का? तर बैलाकडं पाहूनच म्हणे, मास्तरीणबाईचे पाय वल्ले होते, म्हणून.

त्याची पोरगी दुर्गा. माह्याच वर्गात. सकाळी आईसंग आमचा बैलाचा कोठा झाडून जाये, आणि घंटेले वर्गात येऊन बसे, केस वल्ले असत. माह्याच वाटेनं शाळेत ये, पण कधी बरोबरीनं चालत नव्हती. मागं. मी थांबली तं ती थांबे. मी म्हणो, ये ना गं, तं म्हणे, तुम्ही चाला ना मॅडम. मालकाच्या घरच्या बाईसंग कसं चालाचं? मलेही सवय झाली त्याची. खोटं कशाले बोलू, मंग मी मागं पाहाचं सोडून दिलं.

तर युद्ध झालं, गुलामी संपली. पुस्तकात इथं धडा संपते. पण वर्ध्याच्या लायब्ररीतून मी एक पुस्तक आणलं होतं, मले वाटलं सांगावं — सुटले तं सुटले, पण पुढं काय? कोणी बोललं होतं त्याईले जमीन देतीन, ते काई दिली नाई, जुन्या मालकाईलेच वापस गेली. तर आपला प्रफुल — हेमराजचा पोरगा, दुकानही आहे आणि वावरही — तो उठून विचारते, मॅडम, मंग त्या मालकाईले मजूर कुठून भेटले? पाहा, त्याले चिंता मालकाची. आणि मागच्या बाकावरून दुर्गा बोलली. वर्गात कधी न बोलणारी पोरगी. म्हणे, तेच असतीन ना जुने, ते कुठं जातीन? खोपडी मालकाच्या वावरात. — बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, हाव, तेच. आणि तिथं काई राज्यात कायदाच केला, की दर जानेवारीत प्रत्येकानं साल ठरवलं पाहिजे, कोणाकडं कामाले आहो ते दाखवलं पाहिजे. नाई दाखवलं तं रिकामा फिरते म्हणून पकडून न्याचे. मधातच सोडून गेला तं सालाची मजुरी बुडाली. — एवढं मी बोलली, आणि प्रफुल ओरडला, मॅडम, म्हणजे सालदार!

वर्ग असा हसला ताई. आणि हसता हसता साऱ्याईनं मागं वळून पाह्यलं. दुर्गाकडं.

आता मी काय करावं? तुम्ही असत्या तं काय केलं असतं? मले तर मामंजीचा चेहरा दिसला, भातावरचं तूप दिसलं. मी पटकन म्हटलं — नाई, नाई, तसं नाई. आपल्याकडं तसं नाई. आपल्या सालदाराले कोणी बांधून ठेवत नाई. पाडव्याले त्याचं साल संपते, राहाचं तं राह्यते, नाई तं जाते, त्याले कोणी धरू शकत नाई. दुर्गा उभी राह्यली. म्हणे, जाता येते मॅडम? म्हटलं, हो. खरंच जाता येते? म्हटलं, हो गं, येते, बस खाली. — समजलं का तुम्हाले? मी आपल्या घराची बाजू सावरली हो! मी काई कोणाले भडकवलं नाई. मी तं घर चांगलं आहे, गाव चांगलं आहे, हे सांगून राह्यली होती. त्या दिवशी घरी येताना दुर्गा माह्या बरोबरीनं चालली. नुसती बरोबर चालली, नाल्यापर्यंत.

मंग पाडवा आला. आमच्याकडं पाडव्याले सकाळी गुढी, मंग पुरणपोळी, मंग सालदाराचं साल. मामंजी पाटावर बसते, नवं धोतर, टॉवेल, टोपी पुढं ठेवते, सालदार पाया पडते, उचलते, झालं, वर्ष ठरलं. बोलाबोली काई नसते, इतक्या वर्षात कधी नव्हती. मी पुरणाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. लहानू आला. आंघोळ करून, तेल लावून आलता. मामंजी म्हणे, घे रे लहानू. तो उभाच. मामंजी हसले, म्हणे, काऊन रे, टोपी लहान वाटते का? तं लहानू म्हणे, मालक, मी या साली नाई राहत.

मामंजी म्हणे, कोणी बोललं का तुले घरात? — नाई मालक. — कोणी दुसऱ्यानं बोलावलं? — नाई. — मंग काई कमी पडलं? — नाई मालक, तुमी चांगलेच वागले. — अरे मंग काय झालं? आणि लहानू, ज्यानं कधी मान वर केली नव्हती, तो मामंजीकडं सरळ पाहून म्हणते, झालं काई नाई, साल संपलं. पोट्टी म्हणे, संपलं की जाता येते. आणि माह्याकडं हात करून म्हणते — मॅडमनं शिकवलं. त्याच्या तोंडावर इतका आनंद, ताई! त्याले वाटलं, तो माही तारीफ करून राह्यला. त्याले वाटलं, मामंजी खुश होतीन, की आपली सून एवढं चांगलं शिकवते.

कोणी ओरडलं नाई. या घरात कोणी ओरडत नाई, तेच तं आहे. मामंजी म्हणे, बरं, जेवून जा. तो जेवला, ताट धुतलं, पाया पडला, गेला. मंग मामंजी उठले आणि सासूबाईले म्हणे, तिले विचार, अजून काय काय शिकवते वर्गात. मी तिथंच उभी होती, ताट घेऊन. त्या दिवसापासून आजपर्यंत मामंजी माह्याशी बोलले नाई. भाजीत मीठ कमी असलं तं सासूबाईले सांगते. चार दिवसात लहानूले खोपडी खाली करा लागली, बिऱ्हाड सेलूले गेलं — बरोबरच आहे म्हणा, सालदाराची खोपडी, सालदार नाई तं खोपडी कशाची? हे म्हणे, मी काय बोलू बाबाले? हे चांगले आहेत हो. पण बोलत नाई.

आणि त्याच पाडव्याले गावात अजून दोघांनी साल सोडलं. लहानूले पाहून. मंग झालं. वासुदेवरावांनी ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, म्हणे, मॅडम, तुम्ही इतिहास शिकवा, आमची शेती नका शिकवू. म्हटलं, सर, मी इतिहासच शिकवला. म्हणे, तेच म्हणतो मी. एवढंच बोलले. इकडं आमच्याकडं दुसरा सालदार भेटेना. कोठ्यात शेण तसंच, बैलाले पाणी कोण दाखवन, वावरात मजुराईची भाकर कोण नेईन? सासूबाई म्हणे, घरचं माणूस असताना परक्याले काऊन शोधाचं? ह्याईनं समजावलं मले — काई दिवस सोड, वातावरण थंड होऊ दे, मंग पाहू. मी लिहून दिलं, प्रकृती ठीक राहत नाई म्हणून. माही प्रकृती! पाहा ना, कशी ठणठणीत आहे.

आता सकाळी उठली की कोठा. हे हात पाहा — नाई, लपवत नव्हती, सहज पदरात होते. पहिले पहिले शेणाच्या पाटीनं मान दुखे, आता नाई दुखत. माणसाले सवय होते. दुर्गाची आई जिथं उभी राहून झाडे ना, मीही तिथंच उभी राह्यते, कारण तिथून सुरू केलं तं काम सोपं पडते. हे तिनंच शोधलं असन. आणि मंग घंटा होते. तुमची घंटा, ताई. तुम्ही तिकडं हजेरी घेत असता.

दुर्गा? तिनं परीक्षा दिली ना, अकरावीची, सगळे पेपर दिले. सेलूहून येऊन. शेवटच्या पेपरच्या दिवशी नाल्याजवळ माही वाट पाहत उभी होती. म्हणे, मॅडम, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये लागला, खोली घेतली लहानशी. संध्याकाळी बाप घरी येते. आम्ही कधी बापाले संध्याकाळी घरी पाह्यलंच नव्हतं, तो वावरातच राहे. आता येते अन् बसते, अन् त्याले समजत नाई काय करावं, तं आमच्या तोंडाकडंच पाह्यते. आणि हसली. मंग विचारते, तुमाले बोलले का घरी? म्हटलं, नाई गं, मले कोण बोलन. — तुम्ही सेलूहूनच येता ना बसनं? दिसते का कधी? उंच आहे, सावळी, डोळे मोठे. दिसते? … कॉलेजात जाते? कशी राह्यते? बोलते? … सीटवर बसते का उभी राह्यते? नाई, असंच विचारलं. बरं झालं. बरं झालं ताई.

मीही गेलती एकदा. — म्हणजे, गेलती माहेरी. पोळ्याच्या दिवशी. सकाळी बैल धुवाले नेले मी नाल्यावर, शिंगाले रंग लावला, झुली घातल्या, आणि मंग घरी येऊन दोन लुगडी पिशवीत टाकली आणि एसटीत बसली. कोणाले सांगतलं नाई. बसमध्ये मले असं वाटत होतं — कसं सांगू — की मी कोणाच्याच मागं किंवा पुढं नाई, नुसती बसून आहो खिडकीत. वर्ध्याले उतरली, भावाच्या घरी गेली. वडील नाई आता. वहिनीनं चहा दिला, भावानं पिशवीकडं पाह्यलं. मी सारं सांगतलं. म्हटलं, एखाद्या शाळेत लागते, खोली घेते, तुह्यावर भार नाई. तो चांगला आहे, त्यानं ऐकून घेतलं सारं. मंग म्हणे, ताई, लहानूले लोक काम सोडून गेला म्हणते. तुले पळून आली म्हणतीन. आणि शेजारच्या दुकानात फोन कराले गेला.

दुसऱ्या दिवशी हे घ्याले आले. रागावले नाई. बसस्टँडवर मले भजे घेऊन दिले. बसमध्ये मांडीवर एक खोकं धरून बसले होते, सेलू आल्यावर म्हणे, आईनं सांगतलं तुह्यासाठी रबरी बूट आणाले, शेणात पाय खराब होते म्हणून. तुह्या मापाचे आहेत पाह्य. — मापाचेच होते, ताई. बरोबर मापाचे. एवढ्या प्रेमानं आणले होते. मी तिथंच बसमध्ये घालून पाह्यले.

लहानूचं बरं होतं. त्याले पाडवा होता. एक दिवस होता त्याच्याजवळ, ज्या दिवशी माणूस उभं राहून म्हणू शकते, संपलं. माह्या सालाचा पाडवा कोणता, हे मी कोणत्या पुस्तकात पाहू? एम.ए.ले नव्हतं, बी.एड.ले नव्हतं. मी दुर्गाले इतक्या खात्रीनं सांगतलं, जाता येते, आणि स्वतःले —

जाऊ द्या. हे मी कोणालेच सांगतलं नव्हतं, तुम्हाले काऊन सांगत बसली? तुमचा चेहरा चांगला आहे म्हणून. तुमच्या वयाची होती मी तवा. तुमचं ताई, लग्न व्हायचं आहे ना अजून? … ठरलं? अरे वा! सांगतलं नाई तुम्ही. कवा? … या उन्हाळ्यात. गावातच? म्हणजे हिंगणीतच राहान? मंग छान — कोणाकडं? …

वासुदेवरावांच्या पुतण्याशी.

… हं. … आणि नोकरी त्यांनीच — हो, हो. लग्न ठरलं तेव्हाच. … घर शाळेला लागूनच आहे त्यांचं, मला माहीत आहे. तुम्हाला घंटा अगदी जवळून ऐकू येईल. … नाही, कुठे काय, अभिनंदन करते आहे मी. खरंच. मोठं घर आहे. माणसं चांगली आहेत. आवाज चढवून कोणी बोलत नाही.

मघाशी मी जे काही बोलले ना, ते मनावर घेऊ नका. दिवसभर एकटी असते, कोणी आलं की तोंडाला येईल ते बोलते मी, यांनाही माहीत आहे ते. घरी जाऊन सांगण्यासारखं त्यात काही नाही. … नाही नाही, तुम्ही सांगाल असं नाही म्हटलं मी. डोळे पुसा. पुसा आधी, कोणी पाहिलं तर विचारेल. चहा राहिला, पुन्हा कधीतरी. धड्याचं म्हणाल तर कारणं तेवढी नीट तोंडपाठ करून घ्या मुलांकडून, ती हमखास येतात. परिणाम परीक्षेत कोणी विचारत नाही. तो भाग सोडून दिला तरी चालतो.

या आता.